सोलापुरात पहिल्यांदा मंडळी सांभाळणाऱ्या पाळकांसाठी

बी.डी. (ईश्वरविज्ञानाची पदवी) करून पहिल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रुजू होणारे तरुण पाळक भेटले, की बहुधा उपदेशाबद्दल विचारतात. त्याची तयारी सेमिनरीत झालेली असते. खरी अडचण येते ती मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या पहिल्या बैठकीत. अर्पण किती जमलं, छपराचं काम कधी काढायचं, नाताळचा मांडव कोण घालणार, यातच दोन तास जातात आणि सुवार्तेचा विषय शेवटच्या प्रार्थनेपुरता उरतो. सोलापुरातल्या सेवेतून माझं ठाम मत झालं आहे, की सुवार्ता, कारभारीपण आणि आतिथ्य तीन वेगवेगळ्या कमिट्यांना वाटून दिलं की तिन्ही रोडावतात. मंडळी कोणासाठी जगते हे तिच्या हिशोबाच्या वहीत दिसतं. म्हणून रुजू झाल्यावर आधी मागची काही वर्षांची जमाखर्चाची पत्रकं वाचा.

पैशाबाबत प्रेषित पौल फार दक्ष होता. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा केलेली मदत त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी नेमलेली माणसं सोबत घेतली, आणि कोणी दोष ठेवू नये म्हणून असं करतो हेही लिहून ठेवलं (2 करिंथ, अध्याय 8). आपणही तेच करायचं. उपासना संपताच दोघांनी मिळून अर्पण मोजायचं, तिथेच वहीत लिहून दोघांनी सही करायची, बँक उघडताच भरणा करायचा. पाळकाने थैलीला हात लावू नये, हे मी प्रत्येकाला सांगतो. लोकांना आपल्यावर विश्वास नाही असा याचा अर्थ घेऊ नका. तो विश्वास असाच टिकतो.

मालमत्तेचा प्रश्न याहून नाजूक आहे. 1813 मध्ये मुंबईत सुरू झालेलं अमेरिकन मराठी मिशन 1860 च्या दशकात सोलापुरात आलं. तेव्हा गावाबाहेर वाटणाऱ्या जागा आज भर वस्तीत आहेत, त्यामुळे भाड्याची आणि विक्रीची विचारणा होतच राहते. तोंडी होकार कधीही देऊ नका. सार्वजनिक न्यासाची जागा विकायची, किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची, तर 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची लेखी माहिती, द्यावी लागते. परदेशातल्या ओळखीच्या मंडळीने प्रेमाने पैसे पाठवतो म्हटलं, तरी एफसीआरए (परदेशी देणग्यांविषयीचा कायदा) नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय ते घेता येत नाहीत. हे वाचायला रुक्ष वाटेल. पण मंडळीतली भांडणं मी याच गोष्टींवरून पेटलेली पाहिली आहेत, आणि ती पेटली की नव्या माणसाकडे बघायलाही कोणाला वेळ नसतो.

नवा माणूस आपल्याकडे येतो तो शेवटच्या बाकावर. बाहेर पडताना त्याला पहिला प्रश्न येतो, "तुम्ही कोणाचे?" मग आडनाव, मग मूळ गाव. विचारणाऱ्याच्या मनात जिव्हाळा असतो, पण ऐकणाऱ्याला यात जात विचारल्याचा वास येतो, आणि पुष्कळदा तो खोटा नसतो. याकोबाच्या पत्रातला दुसरा अध्याय, सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा देणाऱ्यांविषयीचा, पंच मंडळींसोबत बसून वाचा. दाराशी उभं राहायला घरंदाज कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांसोबत नुकत्याच आलेल्या एखाद्या बाईला नेमा. सोलापूर म्हणजे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं एका गल्लीत. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या तेलुगू घरांतली माणसं मराठी उपासनेला आली, तर शास्त्रपाठ तेलुगूतही वाचायला काहीच अडचण नाही. वाचणारी मुलगी मंडळीतच सापडते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि नळाला काही दिवसांआड पाणी येतं. अशा वेळी फाटकाशी भरलेला माठ ठेवणं, तो रोज कोण भरणार हे ठरवणं, हे आतिथ्याचंच काम आहे आणि कारभारीपणाचंही.

सिव्हिल हॉस्पिटलला धाराशिव, कलबुर्गी, विजयपूरकडून रुग्ण येतात. नातेवाईक बाहेर पथारी टाकून असतात. आमच्या मंडळीतल्या नर्सबाईंनी हा विषय काढला, आणि महिला मंडळाने भाकरी, भाजी, शेंगाचटणी न्यायला सुरुवात केली. काहींचं म्हणणं पडलं की डब्यासोबत सुवार्तेची छापील पत्रिका द्यावी. मी नाही म्हणालो. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, परत आला एकच. म्हणून उरलेल्या नऊ जणांचं आरोग्य काढून घेतलं नाही. भुकेल्याला दिलेल्या अन्नावर अट चढवली की त्याला सुवार्ता म्हणता येत नाही. कोणी स्वतःहून विचारलं, तर मात्र संकोच न करता येशूचं नाव सांगावं. असं काही सुरू करण्याआधी हॉस्पिटलची परवानगी घ्या, आणि वार ठरवून घ्या, कारण उत्साहाच्या भरात रोज नेलेला डबा पुढे टिकत नाही.

यासाठी पैसा कुठून? कापणीच्या सणातून. ज्वारीचं पोतं, कोंबडी, अंडी, कडक भाकऱ्यांची चवड लिलावाला येते. एकच अंडं चार जण बोली लावून विकत घेतात आणि पुन्हा अर्पण करतात. या आनंदात मोठ्या बोलीचीच नावं माईकवर घेतली जातात, तेवढं थांबवा. विडी कामगार बाईने आणलेल्या दोन अंड्यांचीही तेवढ्याच आवाजात नोंद व्हावी. त्या दिवशीच्या रकमेतला काही वाटा आतिथ्याच्या खात्यात जाईल, असा ठराव सणाच्या आधी कमिटीत लिहून घ्या. नंतर मागितला तर छपराचं काम आडवं येतं. छप्परही करायचंच आहे, पण त्यासाठी वेगळी वर्गणी उभी करता येते, आणि लोक ती देतात.