ऊन पडलं म्हणून गळ टाकताय? आधी पाणी तपासा

हिवाळा सरून चार दिवस ऊन पडलं की किनाऱ्यावर गळ घेऊन माणसं येतात आणि बहुतेक रिकाम्या हातानं परततात. हवा तापली म्हणजे समुद्रही तापला, असं ते धरून चालतात. पाणी फार सावकाश तापतं आणि निवतंही सावकाशच. थंड प्रदेशांत थंडीचा कडाका सर्वांत जास्त असतो, त्यानंतर महिना-दीड महिन्यानं समुद्र सर्वांत गार होतो. उलट शरदात हवेत गारवा येतो तेव्हा पाणी अजून कोमट असतं, मासा जोरात खात असतो. नेमके तेव्हाच लोक सामान गुंडाळून ठेवतात. जीव हळहळतो.

दुसरी चूक वारा न बघण्याची. ती मी स्वतः केली आहे. ऐन उन्हाळ्यात, आदल्या दिवशी भरपूर मासा दिलेल्या खडकावर पहाटे जाऊन बसलो. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे जोराचा वारा सुटला होता, त्याचा विचारच केला नाही. पाच तासांत एकदाही दोरी हलली नाही. तीनदा आमिष बदललं. शेवटी पाण्यात पाय घातला तर शिरशिरी आली. वाऱ्यानं वरचं ऊबदार पाणी किनाऱ्यापासून आत समुद्रात लोटलं होतं आणि त्याच्या जागी तळाचं गार पाणी वर आलं होतं. मग खाडीतल्या उथळ चिखलाकडे गेलो. काळा चिखल ओहोटीत उन्हानं तापतो आणि त्यावर चढणारी दुपारची भरती ऊब धरते. तिथं तासाभरात दोन मासे लागले.

तेव्हापासून थर्मामीटरला शिसं बांधून तळाशी सोडतो, दोन मिनिटं थांबतो, आकडा वहीत लिहितो. मोबाईलवरच्या उपग्रहाच्या नकाशावर विसंबू नका. उपग्रहाला पाण्याचा फक्त वरचा पापुद्रा कळतो, मासा खाली असतो. हे दोन मिनिटांचं काम ज्याला जड जातं, त्यानं गरवायला येऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गार पाण्यात ल्यूर, म्हणजे माशासारखं दिसणारं खोटं आमिष, भराभर ओढू नका. पाण्याचं तापमान 10 अंशांनी उतरलं की माशाच्या शरीरातल्या क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. मी थोडं ओढतो, थांबतो, पुन्हा ओढतो. आमिषही लहान लावतो.

कडक उन्हाळ्यात भरदुपारी साचलेल्या पाण्यात गळ टाकू नका. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पहाट किंवा रात्र धरा, वाहतं पाणी शोधा. आणि मासा सोडून द्यायचा असेल तर त्याला दमवत बसू नका, फोटोसाठी बाहेर धरून ठेवू नका. अशा पाण्यात दमलेला मासा पोहत गेलेला दिसला तरी पुढे मरू शकतो.