मास्टर्स स्विमिंगच्या फॉर्मवर एंट्री टाइम काय लिहायचा

मास्टर्स म्हणजे मोठ्या माणसांच्या, एज ग्रुपप्रमाणे होणाऱ्या पोहण्याच्या स्पर्धा. त्यांचा फॉर्म, फी, वयाचा पुरावा हे तुमचं तुम्ही बघा. एज ग्रुप पाच-पाच वर्षांचे असतात, 25 ते 29, 30 ते 34 असे, आणि इंटरनॅशनल मास्टर्सच्या नियमात त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला जे वय भरतं ते धरतात. झालं. लोक अडतात ते एंट्री टाइमच्या रकान्यात, म्हणजे ती रेस तुम्ही किती वेळात पोहाल ते जिथे लिहायचं तिथे, आणि तिथेच सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात.

हल्ली रेसमध्ये दिलेला टाइम असेल, तोच स्ट्रोक, तेवढ्याच लांबीचा पूल, तर तोच लिहा आणि पुढे चला. रिलेतला टाइम चालेल, पण पहिल्या नंबरला पोहला असाल तरच, बाकीचे तिघे आधीचा येताना बघून उडी मारतात त्यामुळे त्यांचा टाइम आपोआप कमी येतो. 25 च्या पूलमधला टाइम 50 च्या पूलला तसाच लिहू नका, 100 मीटरला तिथे तीन टर्न मिळतात आणि इथे एकच, साधारण दोन-तीन सेकंद वाढवा, आणि टर्न चांगला असेल तर थोडे जास्तच.

आता टाइमच नसेल तर? मीही इथे बरीच चाचपडले आहे. "एनटी (नो टाइम) लिहून टाक" हा सल्ला देणाऱ्यांचा मला राग येतो, एनटी लिहिलं की सहसा सगळ्यात स्लो हीटमध्ये, म्हणजे एकावेळी पोहणाऱ्यांच्या सगळ्यात स्लो गटात टाकतात, मग 1:15 वाला माणूस दोन मिनिटवाल्यांमध्ये येतो आणि त्याच्या लाटा शेजारच्या लेनमधल्या बिचाऱ्याच्या नाकातोंडात.

50 आणि 100 सोपं आहे, डाइव्ह मारून एकदा जीव खाऊन पोहा आणि काठावर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात स्टॉपवॉच द्या. मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नका, बटण दाबेपर्यंत सेकंद जातो आणि कधीकधी लेंथसुद्धा चुकीची मोजतं.

200 ला मात्र लोक 100 चा टाइम सरळ डबल करतात. 1:30 वाला 3:00 लिहितो. अरे, दुसऱ्या 100 ला काय दुसरा माणूस उतरणार आहे का? 3:12, 3:15 लिहा. बटरफ्लायला तर हे गणितही चालत नाही, तिथे आधी पूर्ण 200 पोहूनच बघा.

आणि 1500. न थांबता 500 पोहा, रेसला ठेवाल त्याच पेसने, आणि शेवटच्या 100 चा टाइम गुणिले 15 करा. पहिल्या 100 चा नाही, तो सगळ्यांचाच छान असतो! शेवटचं 100 जर 2:08 आलं तर तुमचा टाइम 32 मिनिटं आहे, पहिलं 1:36 आलं होतं म्हणून 24 लिहिलंत तर हीटमधले बाकीचे सगळे संपवून आठ मिनिटं तुमची वाट बघत बसणार, टायमरवाले ताटकळणार आणि पुढची हीट ब्लॉकमागे कुडकुडत उभी राहणार.

उलटा प्रकार म्हणजे मुद्दाम स्लो लिहिणारे, हीट जिंकायला मिळावी आणि पुढे मोकळं पाणी मिळावं म्हणून. यातून मेडल वगैरे काही मिळत नाही, कारण बहुतेक मास्टर्स मीटमध्ये हीट टाइमवर लागतात, 30 चा आणि 65 चा शेजारी शेजारी पोहतात, आणि रिझल्ट नंतर सगळ्या हीट मिळून एज ग्रुपप्रमाणे काढतात. आठ लेनच्या पूलमध्ये हीटमधल्या सगळ्यात फास्ट माणसाला लेन 4, मग 5, 3, 6 असं कडेला सरकत जातात, म्हणजे 1:15 वाल्याने 1:35 लिहिलं की खरोखर 1:36 लिहिणारा मधल्या लेनमधून एक घर बाहेर ढकलला जातो. मला हे फसवणं वाटतं, "काय फरक पडतो" म्हणणाऱ्यांनी एकदा त्या लेनमधून पोहून बघावं.

लिहिलेल्यापेक्षा रेसला पाच सेकंद फास्ट आलात तर खुशाल या, त्याला कुणी थाप म्हणत नाही, पुढच्या फॉर्मवर तो टाइम लिहा म्हणजे झालं. फॉर्म भरल्यावर आजारपणाने महिनाभर पाण्यात उतरला नाहीत तर ऑर्गनायझरला कळवून टाइम बदलून घ्या, पण हीट शीट (कोण कुठल्या हीटमध्ये, कुठल्या लेनमध्ये ती यादी) लागायच्या आधी, नंतर बदल मागितलात तर तुमच्या एकट्यासाठी अख्खी शीट परत लावायला लागते.