ओंडक्याचं तोंड उचला: जंगलातून जड लाकूड घरगुती साधनांनी कसं काढावं

तोडलेल्या झाडाशेजारी उभं राहिलं की ओंडका कधीच जड वाटत नाही. दोरी बांधून पहिला हिसका दिला की कळतं. दुसऱ्या हिसक्याला ओंडक्याचं तोंड मातीत रुततं, तिसऱ्याला दोरी हाताला कापते आणि मग माणूस ट्रॅक्टर कुणाकडे मिळेल याचा विचार करू लागतो. बहुतेक वेळा ट्रॅक्टरची गरज नसते. रुतलेलं ते तोंड जमिनीवरून उचललं, की अर्ध्याहून जास्त भांडण मिटतं. खालच्या सगळ्या युक्त्या त्यासाठीच आहेत.

आधी वजन काढा

व्यासाचा वर्ग गुणिले 0.785 गुणिले लांबी, सगळं मीटरमध्ये. आलेल्या घनमीटरला 900 ने गुणा. ओल्या लाकडाचं किलोमधलं वजन साधारण तेवढं भरतं. 40 सेंमी जाडीचा 3 मीटर ओंडका म्हणजे जवळपास 340 किलो. जाडी निम्मी, 20 सेंमी असेल तर फक्त 85 किलो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होतं, हे डोळ्यांना पटत नाही, म्हणून हिशोब कागदावर करा. फार जड निघाला तर आखूड तुकडे करा, त्यात कमीपणा नाही. घाई नसेल तर काही महिने वाळू द्या, पाणी उडालं की वजन बरंच उतरतं.

जंगल स्वतःचं नसेल तर मालकाची आणि जिथे लागते तिथे वन खात्याची परवानगी हातात असल्याशिवाय साखळीला हात लावू नका.

वाट साफ करा

हे कंटाळवाणं काम आहे आणि सगळे टाळतात. ओंडका जिथून जाणार ती वाट एकदा रिकाम्या हाताने चालून बघा. वर आलेली मुळं, कापलेल्या झुडपांचे खुंट, दगड काढून टाका. ओंडक्यावरचे फांद्यांचे बुडखेही सालीच्या पातळीला कापून साफ करा, एक उरला तरी नांगरासारखा माती ओढत येतो.

आणि बुंधा नेहमी पुढे ठेवा. फांद्या शेंड्याकडे कललेल्या असतात. बुंधा पुढे असला की राहिलेले बुडखे मागे झुकून सरकतात, शेंडा पुढे असला की तेच काट्यासारखे अडकतात. शिवाय जाड, जड टोक उचललं जातं आणि हलकं टोक घासत येतं.

सर्वात स्वस्त साधन: पिंपाची टोपी

काम एक-दोन ओंडक्यांचंच असेल तर गाडा बनवायच्या भानगडीत पडू नका. एक जाड प्लास्टिकचं पिंप घ्या, आडवं कापून निम्मं करा, बुडाला मधोमध भोक पाडा. साखळी भोकातून आत घेऊन ओंडक्याच्या तोंडाला फास लावा आणि ते अर्धं पिंप टोपीसारखं तोंडावर चढवा. ओढताना टोपी मुळांवरून, दगडांवरून घसरत जाते, रुतत नाही. चिखलात तर ती चाकांपेक्षा बरी चालते.

खरं साधन: कमानगाडा

दोन चाकं, त्यांच्यामध्ये उलट्या यू आकाराची लोखंडी कमान आणि कमानीच्या माथ्यावरून पुढे आलेला लांब दांडा. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत मिशिगनमध्ये 1870 च्या दशकात सिलास ओव्हरपॅक लाकूडतोड्यांसाठी अशी चाकं बनवू लागला. त्यांची उंची 3 मीटरपर्यंत असे आणि ओंडके आसाखाली टांगून घोडे ती ओढत. चाकं तेवढी मोठी असल्यावर आस सरळ चालतो. आपली चाकं छोटी, म्हणून आसाच्या जागी कमान.

माझ्या गाड्याची मापं देतो, आपल्या ओंडक्याप्रमाणे बदला. जुन्या मोटारसायकलची दोन चाकं, बाहेरून साधारण 60 सेंमी व्यासाची. कमान 50 मिमी पाईपची, आतली रुंदी 75 सेंमी, माथा आसाच्या 40 सेंमी वर. दांडा 2.4 मीटर, माथ्याला वेल्ड केलेला आणि तिथून कमानीच्या दोन्ही पायांना तिरके आधार दिलेले. हे आधार वगळू नका, सगळा जोर त्याच जोडावर येतो. माथ्याच्या मधोमध साखळीची कडी अडकवायला एक जाड हूक.

एक गोष्ट मी चुकून शिकलो. मोटारसायकलचं चाक दोन्ही बाजूंनी धरायला बनवलेलं असतं. मी ते आतल्या एकाच बाजूने, बोल्टवर लोंबकळत बसवलं होतं. दुसऱ्याच फेरीत बोल्ट वाकला आणि चाक छत्रीसारखं तिरकं झालं. आता चाकाच्या दोन्ही अंगांना पट्टी आहे, चिमट्यासारखी. हातगाडीची किंवा ट्रेलरची एकाच बाजूने बसणारी चाकं मिळाली तर ही कटकटच नाही.

ओंडका उचलणे

1. गाडा ओंडक्यावरून असा मागे घ्या, की ओंडका दोन चाकांच्या मध्ये येईल आणि दांडा बुंध्याच्या दिशेला राहील.

2. दोन्ही चाकांच्या पुढे-मागे दगड लावा. हे विसरलात तर दांडा ओढल्यावर ओंडका उचलायच्या ऐवजी गाडाच पळतो.

3. पहारीने ओंडका जरा उचकटून साखळी खालून घ्या. बुंध्यापासून एक तृतीयांश लांबीवर, म्हणजे 3 मीटरच्या ओंडक्याला 1 मीटरवर, सरकफास लावा. मध्याच्या मागे बांधलंत तर तोंड खाली जाऊन पुन्हा मातीत.

4. दांडा वर करा. कमान मागे कलते आणि हूक खाली येतो. ओंडक्याला कमान टेकायच्या जरा आधी थांबा. साखळी अगदी ताणून जवळची कडी हुकात अडकवा. इथे सोडलेली बोटभर ढिलाईसुद्धा उचल खाते.

5. आता दांडा खाली ओढा. आस हा टेकू, दांडा ही तरफ. 2.4 मीटरला 40 सेंमी म्हणजे सहापट. त्या 340 किलोच्या ओंडक्याचं शेपूट जमिनीवरच राहतं, म्हणून हुकावर साधारण 255 किलो येतात आणि दांड्याच्या टोकाला सुरुवातीला 40-42 किलोंचा जोर लागतो. एक माणूस लोंबकळला तरी भागतं. दांडा जसा खाली येतो तसा जोर कमी होत जातो.

6. तोंड दांड्याला टेकलं की लगेच दोरीने दांड्याशी करकचून बांधा. बांधून होईपर्यंत दांडा सोडायचा नाही आणि त्याच्या थेट वर आपला चेहरा आणायचा नाही. साखळी घसरली तर दांडा उसळतो. माझ्या कपाळावर टेंगूळ आलं होतं, हनुवटीवर बसला असता तर दात गेले असते.

मग दगड काढा आणि चालू लागा. सपाटीवर दोघं जण आरामात नेतात.

उतार आणि चढ

उतारावर मागे घासणारं शेपूट हाच ब्रेक. म्हणून ओंडका पूर्ण तोलून टांगायच्या मोहात पडू नका. उतार आडवा कापत जाऊ नका, गाडा कलंडतो. सरळ खाली उतरा. उतार तीव्र असेल तर ओंडक्याच्या मागच्या टोकाला दोर बांधा, वरच्या मजबूत झाडाला दोन-तीन वेढे द्या आणि एकाने तो हळूहळू सोडावा. दांड्यापुढे तेव्हा कुणीही नको.

चढावर कप्पी वापरा. दोराचं एक टोक वरच्या झाडाला बांधा, दोर ओंडक्यावर लावलेल्या कप्पीतून परत वर घ्या. ओढायला निम्मा जोर पुरतो, पण दोर दुप्पट लांब ओढावा लागतो. झाडाला बांधलेली कप्पी फक्त दिशा बदलायला वापरली तर जोर वाचत नाही, उलट दोर पूर्ण उलटा फिरत असेल तर त्या कप्पीच्या पट्ट्यावर ओढीच्या दुप्पट भार येतो, काटकोनात वळत असेल तर साधारण 1.4 पट. पट्टा त्या हिशोबाने घ्या, आणि रुंद घ्या, म्हणजे झाडाची साल सोलली जात नाही.

तारेचा दोर वापरत असाल तर त्याचा फास आवळणाऱ्या क्लिपची यू-बोल्टची बाजू दोराच्या आखूड, मोकळ्या टोकावर यायला हवी आणि खोबणीची बाजू ओढ पडणाऱ्या दोरावर. उलटं लावलं तर यू-बोल्ट भार घेणाऱ्या दोरालाच चावतो. पहिल्या ओढीनंतर नट पुन्हा आवळा, ते ढिले झालेलेच असतात. नायलॉनचा दोर इथे नको: तो रबरासारखा ताणतो आणि तुटला की फटका मारतो. ताणलेल्या कुठल्याही दोरावर मधोमध ओलं पोतं टाका, आणि दोर वळतो तिथे आतल्या कोनात उभं राहू नका.

ट्रॉलीवर चढवणे

दोन मजबूत फळ्या ट्रॉलीच्या कडेला तिरक्या लावा. दोन दोरांची एकेक टोकं ट्रॉलीला बांधा, ते ओंडक्याच्या खालून घेऊन वरून परत आणा आणि ट्रॉलीच्या पलीकडून दोघांनी एकाच तालात ओढा. ओंडका गडगडत वर येतो, त्याच फळ्यांवरून नुसता ढकलायला लागला असता त्याच्या निम्माच जोर लागतो. एक जण जास्त ओढला की ओंडका तिरका होतो. तेव्हा ओढणं थांबवा, एकाने थोडं सोडा, सरळ करा. फळ्यांच्या खालच्या बाजूला कुणी उभं राहून ढकलायचं नाही, मदत करायची कितीही हौस असली तरी. वर पोचलेल्या ओंडक्याला दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकल्याशिवाय दोर सोडू नका.