आडनावाचं मूळ शोधायचंय? आधी गाव शोधा

आडनाव गुगलवर टाकून काही हाती लागत नाही, लागलीच तर कुणीतरी रचलेली राजघराण्याची गोष्ट लागते. त्यापेक्षा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे बसा आणि तीन गोष्टी विचारून लिहून घ्या, मूळ गाव, कुलदैवत आणि देवक किंवा गोत्र. हे आधी लागतं कारण एकट्या आडनावावरून घराणं कळत नाही. कुलकर्णीच घ्या ना, ते तर गावचा हिशोब ठेवणाऱ्याचं पद, गावोगाव वेगळं घराणं, म्हणजे दोन कुलकर्णी भेटले तर नातं असेलच असं अजिबात नाही, आणि हे वतन, म्हणजे पिढीजात पद, मिळण्याआधी त्या घराचं दुसरंच आडनाव असू शकतं. देशमुख, पाटील यांचंही तेच, देशमुख तर मुसलमानांतही आहेत.

'कर'वाल्यांचं काम जरा सोपं, पण घाई नको. वडगाव किती आहेत बघा महाराष्ट्रात, मग वडगावकर नक्की कुठले? तिथे कुलदैवत कामाला येतं. आणि गावावरून जात तर ठरवूच नका, किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर हे बेने इस्रायली ज्यूंमध्येही आहेत. एकाच गावातून वेगवेगळी आडनावंही निघतात, गोव्यातल्या मंगेशीवरून दीनानाथांनी मंगेशकर घेतलं आणि तिथल्याच देवळातल्या अभिषेकाच्या मानावरून पुजाऱ्यांचं घराणं अभिषेकी झालं.

गाव कळलं की तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) आणि कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंदवही, मागा. अर्ज लेखीच द्या, गावाचं नाव आणि अंदाजे वर्षं टाकून. जुनी पानं बहुतेक मोडी लिपीत असतात, त्यामुळे फोटो काढायची परवानगी घ्या आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा. इथे खूप जण निराश होऊन परततात, कारण आडनाव दिसतच नाही, नुसतं 'राणोजी बिन सटवोजी, मौजे अमुक' असं असतं. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. म्हणून आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा यांची नावं पाठ हवीत, मग त्या ओळीत तुमचं घर ओळखू येतं. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर पण बघा, तिथे आडनाव बऱ्याचदा मिळून जातं.

नाशिक-त्र्यंबकला जाणार असाल तर तीर्थोपाध्यायांकडे नामावळी, म्हणजे येऊन गेलेल्या यात्रेकरूंच्या नावांची वही, बघितल्याशिवाय येऊ नका. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते वही काढतात, आणि पूर्वज तिथे येऊन गेले असतील तर त्यांची नावं, कधीकधी सहीसुद्धा दिसते, ते बघून अंगावर काटा येतो खरंच.

आडनाव कुठे जास्त आहे हे बघायचं असेल तर मतदारयादी उत्तम, निवडणूक आयोगाच्या साईटवर यादी भागवार मिळते, गाव उघडा आणि मोजा. पण एक लक्षात ठेवा, 'कर' आडनाव बहुतेक वेळा गाव सोडल्यावर लागतं, त्यामुळे ज्या गावावरून आडनाव पडलं तिथेच ते कमी आणि पुण्या-मुंबईत जास्त असं होऊ शकतं. म्हणून संख्या जास्त तेच मूळ गाव असं धरू नका, त्या गावात आपल्या देवळाचा मान किंवा जुना सातबारा कुणाच्या नावावर आहे ते विचारा.