सहआरोपींचा खटला एकत्र की स्वतंत्र : या चुका टाळा

एकाच प्रकरणात अनेक आरोपी असतील, तर खटला एकत्र चालवायचा की स्वतंत्र, हा प्रश्न दोषारोप ठेवतानाच उपस्थित करायचा असतो. प्रत्यक्षात तो बहुधा अपिलात सुचतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २४१ नुसार (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २१८) प्रत्येक वेगळ्या गुन्ह्याचा दोषारोप वेगळा आणि खटलाही वेगळा, हा मूळ नियम आहे. अनेक आरोपींना एकत्र उभे करण्याची मुभा कलम २४६ मध्ये (जुने २२३) असली, तरी ती अपवाद म्हणून आहे.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे 'एफआयआर एक, म्हणून खटला एक' असे गृहीत धरणे. कसोटी एफआयआरची नसून 'एकाच व्यवहाराची', म्हणजे एकमेकींशी जोडलेल्या कृतींच्या एकाच मालिकेची आहे, आणि ती हेतूचे ऐक्य, कृतींचे सातत्य, काळ व स्थळ यांवरून ठरते. दोघांनी दुकान फोडले आणि दागिने एका सराफाने जाणूनबुजून विकत घेतले, तर चोर आणि माल घेणारा यांचा खटला एकत्र चालू शकतो. त्याच सराफाकडे दुसऱ्या, या दोघांशी काडीचाही संबंध नसलेल्या टोळीचा माल सापडला, तर केवळ गिऱ्हाईक एकच म्हणून दोन्ही टोळ्यांना एका पिंजऱ्यात उभे करता येत नाही. त्यांना एकत्र चालवायचे असेल, तर आरोपींचा लेखी अर्ज हवा आणि त्यांच्यावर प्रतिकूल परिणाम होणार नाही याची न्यायालयाला खात्री पटली पाहिजे.

उलट बाजूची चूकही तितकीच खरी. हरियाणातील नूह येथील दंगलीच्या प्रकरणात आमदार मम्मन खान यांचा खटला, ते लोकप्रतिनिधी असल्याने लवकर संपावा म्हणून, सहआरोपींपासून वेगळा काढण्यात आला होता; सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तो आदेश रद्द केला. पुरावा तोच आणि घटनाही तीच असताना आरोपीचे पद हे खटला फोडण्याचे कारण होत नाही.

फरार आरोपीचे प्रकरण वेगळे काढणे रास्तच. चूक पुढे होते. तो सापडल्यावर पहिल्या खटल्यातील जबाबांच्या नकला जोडून काम भागवले जाते. साक्षीदार मृत किंवा बेपत्ता असल्यासारखे कलम ३३५ मधील अपवाद सोडले, तर साक्ष नव्याने नोंदवावी लागते, कारण या आरोपीला उलटतपासणीची संधी मिळालेलीच नसते. ए. टी. मायदीन प्रकरणात (२०२१) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की दोन स्वतंत्र खटल्यांपैकी एकातील पुरावा दुसऱ्यात वाचता येत नाही.

सहआरोपी अठरा वर्षांखालील असेल, तर चर्चेला जागाच नाही : बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम २३ प्रौढांसोबत एकत्रित कार्यवाहीला मनाई करते.

कबुलीजबाबाकडे बचाव पक्षाचे हमखास दुर्लक्ष होते. खटला एकत्र असेल, तर एका आरोपीचा स्वतःलाही गोवणारा कबुलीजबाब भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २४ खाली दुसऱ्याविरुद्ध विचारात घेता येतो, अर्थात केवळ अन्य पुराव्याला जोड म्हणून; स्वतंत्र खटल्यात ही वाट बंद होते. म्हणून स्वतंत्र खटला मागणाऱ्या अर्जात 'प्रतिकूल परिणाम होईल' एवढेच मोघम न लिहिता कोणता जबाब, कोणता पंचनामा, कोणत्या आरोपीला बाधतो ते नेमके लिहावे. हरकत वेळेवर न घेतल्यास अपिलात नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१० आडवे येते : दोषारोपांच्या चुकीच्या एकत्रीकरणामुळे न्याय खरोखर विफल झाला असे दाखवता आले नाही, तर शिक्षा त्या कारणावर रद्द होत नाही.