झाडं जगवायला येताय? मग एवढी तयारी करूनच या

जून लागला की खड्डे खणायला हात भरपूर मिळतात. खरी गरज असते ती फेब्रुवारी ते मे, जेव्हा सोलापुरात पारा चढत चढत चाळिशी ओलांडतो आणि गेल्या पावसाळ्यात लावलेली रोपं माना टाकतात. म्हणून पहिली तयारी वेळेची. आठवड्यातली एक सकाळ, सहा ते नऊ, पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांसाठी राखून ठेवा. जमणार असेल तरच झाड दत्तक घ्या आणि घराजवळची चार-पाचच घ्या, गाडीवर कॅन ठेवून पोहोचता येतील अशी.

पाण्याची सोय आधीच लावा, कारण आपल्याकडे नळ रोज येत नाही. भाजी, तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवा, साबणाचं नको. रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा दहा-पंधरा लिटर सावकाश मुरू द्या, म्हणजे मुळं खाली जातात. आळं खोडाला चिकटून नको, थोडं लांबून करा. त्यात पालापाचोळा, उसाचं पाचट किंवा जुना कडबा पसरा. आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. वाळवी दिसली तर निंबोळी पेंड.

पिशवीत खुरपं, घमेलं, सुतळी, जाड हातमोजे आणि पक्कड. पक्कड विसरू नका. रस्त्याकडेच्या कडुनिंबांना जाहिरातींचे फलक ठोकलेले असतात, ट्री-गार्डची तार खोडात रुतलेली असते. तार वेळीच कापली नाही तर साल तिच्यावरून वाढते आणि खोड तिथेच आवळलं जातं. खिळा सहज निघत असेल तर काढा. सालीने पूर्ण गिळला असेल तर कोरत बसू नका, जखम मोठी होते.

अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्याला उपरणं, पायात बूट. दगड उचलण्याआधी काठीने हलवून बघा, खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं. आग्या मोहोळाच्या झाडाखाली धूर आणि अत्तर दोन्ही नको. सोबत दोन लिटर पाणी, मीठ-साखर, आणि भाकरी-शेंगाचटणी. बांधून आणायला याहून सोपं काही नाही.

फांदी छाटायची असेल तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारा, आणि घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबाच. शहरातलं झाड तोडायला तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागतेच. वनजमिनीवर वनविभागाला न सांगता काहीही करू नका.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. रोपं घेऊन सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जाऊ नका. तो माळ ओसाड नाही. माळढोक, काळवीट, लांडगा यांना उघडं गवतच लागतं, १९७९ साली अभयारण्य झालं ते त्यांच्यासाठी. हिरवळीच्या हौसेपायी तिथे ग्लिरिसिडियाची झाडं लावणं म्हणजे त्यांचं घर मोडणं. माळासाठी काही करायचंच असेल तर उन्हाळ्याआधी वनविभागाला विचारून जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायला हात लावा; वाळल्या गवताला एक विडीही पुरते.

रोपं शहरात लावा: कडुनिंब, करंज, आपटा, चिंच. खड्डे मेमध्ये खणून उन्हात तापू द्या, पण जमीन चांगली भिजेपर्यंत रोप उतरवू नका. इथला भरवशाचा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरातच येतो. लावताना रोपाची प्लास्टिकची पिशवी पूर्ण फाडून काढा आणि ती परत घेऊन या.