ब्लूग्रास स्टेजवर वाजवताय? या चुका टाळा

गाणं स्टेजवर कोसळलं की सगळे सोलो वाजवणाऱ्याकडे बघतात. ब्लूग्रासमध्ये, म्हणजे बँजो, मँडोलिन, फिडलवर चालणाऱ्या अमेरिकी लोकढंगाच्या संगीतात, खोट बहुतेक वेळा साथीत असते.

या संगीताच्या पारंपरिक ढंगात ड्रम नाही. बास पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर, मँडोलिनचा ‘चॉप’ (वाजताच दाबून तोडलेला कॉर्डचा आघात) दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. ठेका एवढ्यावरच उभा. ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मन्रो स्वतः मँडोलिन वाजवायचे आणि डिसेंबर १९४५मध्ये अर्ल स्क्रग्ज तीन बोटांचा बँजो घेऊन त्यांच्या बँडमध्ये आले, तेव्हा त्या वेगाला हा चॉपच आवर घालत होता. तुमचा चॉप ‘चक्’ऐवजी ‘झण्ण’ वाजत असेल तर कॉर्डमध्ये कुठली तरी तार मोकळी राहते आहे. तारांच्या चारही जोड्या दाबल्या जातील अशी कॉर्ड घ्या, आघात होताक्षणी डाव्या बोटांचा दाब सैल करा, पण बोटं तारांवरून उचलू नका. लय पळत असेल तर मेट्रोनोम फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजेल असा लावून तालीम करा. सुरुवातीला वैताग येतो.

बरेचदा मुळात सुरुवातच चढ्या लयीत होते. टाळ्यांच्या जोशात बँजोवाला गाणं उचलतो आणि गायकाची दुसऱ्याच कडव्यात दमछाक होते. सुरू करण्याआधी शब्दांनी सगळ्यात गच्च भरलेली ओळ मनात म्हणा. ती जिथे नीट बसते तीच लय.

कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबून सूर चढवणारा चिमटा) लावल्यावर सूर तपासायला विसरतात. फ्रेटच्या पट्टीपासून लांब आणि करकचून आवळलेला कॅपो तारा चढवतो. शिवाय दुसऱ्या पट्टीवर कॅपो लावून ‘ए’मध्ये गेलात तर बँजोची आखूड पाचवी तारही दोन घरं वर न्यावी लागते. ती ‘जी’वरच राहिली की गाणंभर टोचत राहते.

आता सगळ्यात अवघड प्रकार: सगळ्या बँडला मिळून एकच कंडेन्सर माईक (लांबचा आवाजही टिपणारा संवेदनशील माईक). डेल मकूरी बँड या नावाजलेल्या ब्लूग्रास बँडला त्याभोवती सहज फिरताना पाहून अनेकांना हे सोपं वाटतं. सोलोवाला माईकपाशी उशिरा पोचतो आणि त्याचे पहिले सूर हवेत विरतात. साउंडवाला गेन (माईकची आवाज टिपण्याची पातळी) वाढवतो, मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) चालू असतो, फीडबॅकची शिट्टी सुरू! मॉनिटर बंद ठेवा. कोरसची शेवटची ओळ चालू असतानाच सोलोवाल्याने सरकायला लागावं, गायकांनी दुसऱ्या बाजूने बाहेर पडावं. फिडलवाल्याला गजासाठी मोकळी जागा द्या, नाहीतर कुणाच्या तरी डोळ्यात जाईल. मोठ्या आवाजाच्या गायकाने अर्धं पाऊल मागे राहावं. घरी नुसता स्टँड उभा करून या चालण्याचीही तालीम करा. थोडं हास्यास्पद दिसतं, दिसू दे.

आणि दुसऱ्याचा सोलो चालू असताना आपल्या हरकती टाकू नका. फिडलच्या वेळी बँजोने दबून साथ करावी, डोब्रोने (आडवी धरून वाजवायची गिटार) तर गप्पच बसलं तरी चालेल. शेवट कोण करणार हे आधी ठरवा. जॅममध्ये (सहज जमून वाजवताना) पाय उचलून खूण करतात, पण माईकभोवतीच्या गर्दीत पाय कोणाला दिसत नाही.